एक पाव जास्त

व्वादिस्वाव बार्तोशेव्स्की पुढे पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. दुसऱ्या महायुद्धात, अठराव्या वर्षी, ते जर्मनांच्या ऑश्वित्झ छळछावणीत कैदी होते. तिथून सुटल्यावर ज्यूंना लपवणाऱ्या भूमिगत संघटनेत त्यांनी काम केलं. म्हातारपणी, 2011 साली, एका जर्मन वृत्तपत्राला मुलाखत देताना ते जे बोलले त्यावरून मायदेशात मोठा गदारोळ झाला. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा होता: रस्त्यात समोरून येणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याची मला तेवढी भीती वाटत नसे. मला धरायचा हुकूम त्याच्या खिशात नसेल तर तो आपल्या वाटेनं निघून जायचा. भीती वाटायची ती शेजारच्या पोलिश माणसाची. या घरात रोजच्यापेक्षा पाव जास्त यायला लागलेत, हे त्याच्या लक्षात आलं तर?

गदारोळ होणारच होता. ज्या देशात जर्मनांनी लाखो माणसं मारली, त्या देशाचा माजी मंत्री जर्मन वाचकांना सांगतो की मला तुमच्यापेक्षा आमच्याच माणसांची धास्ती होती. घरातली गोष्ट चव्हाट्यावर, आणि चव्हाटाही नेमका त्यांचा! पण बार्तोशेव्स्कींना स्वतःच्या लोकांबद्दल अढी होती असं म्हणायची सोय नाही. ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश माणसांच्या हकिकती गोळा करून छापण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली होती. म्हणूनच ते असं बोलू शकले, असं मला वाटतं. कुणापासून लपवावं लागत होतं हे लपवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये पोलिश लोक ज्यूंशी कसे वागले, हा प्रश्न गेली ऐंशी वर्षं दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिला जातोय. पहिल्या वहीत तारणारे. ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांची नोंद जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था ठेवते. त्या यादीत 28 हजारांवर नावं आहेत आणि त्यांतली सात हजारांहून जास्त पोलिश, कुठल्याही देशापेक्षा अधिक. दुसऱ्या वहीत चुगल्या, खंडणी, लूट, जाळलेलं कोठार. एक पक्ष पहिली वही उघडतो, दुसरा दुसरी, आणि मग बेरीज-वजाबाकी करून अख्ख्या राष्ट्राला गुण दिले जातात. हा हिशेबच मला मुळातून चुकीचा वाटतो. शाळेतली दोऱ्यानं शिवलेली वही आठवा. त्यातलं एक पान फाडलं की पलीकडचं जोडपान आपोआप सुटं होऊन हातात येतं. इथेही वही एकच आहे. शेजाऱ्याच्या भीतीचं पान फाडलंत तर तारणाऱ्याचं पानही सुटतं, कारण मग त्यानं नेमकं काय केलं हेच सांगता येत नाही.

आधी जर्मनांबद्दल. हा वाद सुरू झाला की मूळ गुन्हेगार कोपऱ्यात जाऊन बसतो, म्हणून मुद्दाम आधी. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनी पश्चिमेकडून आणि 17 तारखेला सोव्हिएत रशिया पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसला. देशात तेव्हा सुमारे 33 लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या दहा टक्के. युद्ध संपेपर्यंत त्यांतले 30 लाखांच्या आसपास मारले गेले. नोव्हेंबर 1939 मध्ये क्राकूव्हच्या विद्यापीठातले प्राध्यापक बैठकीला म्हणून बोलावून पकडले आणि छावणीत धाडले. डिसेंबरात वॉर्साजवळच्या वावेर गावात दोन जर्मन सैनिक मारले गेले म्हणून शंभरावर माणसं गोळ्या घालून मारली. ही माणसं बहुतांशी पोलिश होती. नोव्हेंबर 1940 मध्ये वॉर्साचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, भिंतीनं बंद झाला आणि शहराच्या छोट्याशा तुकड्यात चार लाखांवर माणसं कोंबली गेली. 1941 साली शहरातलं रेशन बघा: जर्मन माणसाला दिवसाला 2600 उष्मांक, पोलिश माणसाला सातशेच्या आसपास, ज्यूला दोनशेसुद्धा नाहीत. माणसांची उतरंड कशी रचायची, हे जर्मनांनी ताटातच दाखवून दिलं होतं.

मग 15 ऑक्टोबर 1941 चा, ताब्यातल्या पोलंडचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याचा हुकूमनामा. परवानगीशिवाय घेट्टोबाहेर सापडलेल्या ज्यूला मृत्युदंड आणि त्याला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. पश्चिम युरोपात ज्यू लपवणारा सापडला तर बहुधा तुरुंगात किंवा छावणीत जायचा. पोलंडमध्ये तो मारला जायचा आणि कित्येकदा बायको-मुलांसकट. 1942 च्या उन्हाळ्यात दोनेक महिन्यांत वॉर्सा घेट्टोतून अडीच लाखांवर माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली, तेव्हा भिंतीपलीकडच्या शहराला हा हुकूम तोंडपाठ झालेला होता.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्यानं दार उघडलं नाही, त्याला दोष द्यायचा अधिकार मला नाही. माझ्या घरात दोन लेकरं झोपलेली असती आणि दाराबाहेर कुणी उभं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला देता येत नाही, आणि जो फटकन देतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. दार न उघडणं एक. दार न उघडता पोलिसचौकीकडे चालायला लागणं दुसरं. पोलंडमधल्या राष्ट्रवादी मंडळींचा युक्तिवाद या दोहोंतलं अंतर पुसून टाकतो: मृत्युदंडाची भीती होती, मग लोक काय करणार? अहो, खबर दिली नाही म्हणून आपणहून कोण मारायला येत होतं? भीतीपोटी माणूस गप्प बसतो. चुगली करायला दुसरं काहीतरी लागतं.

लपवणं म्हणजे काय, हे आपण सिनेमातून शिकलो आहोत. फडताळामागचं दार, जिन्यावरचे बुटांचे आवाज, श्वास रोखून बसलेली मुलं. प्रत्यक्षात ते बहुतांशी घरकाम होतं आणि बहुतांशी बायकांच्या गळ्यात पडलेलं. तिघांच्या घरात सात जणांचा स्वयंपाक. रेशनकार्ड तिघांचं, म्हणजे बाकीचं काळ्या बाजारातून, आणि तेही रोज एकाच दुकानातून घेऊन भागत नाही. दोन पाव या बेकरीतून, एक पलीकडच्या आळीतून. मैल्याची बादली रात्री कधी रिकामी करायची, ते शेजारच्या दिव्यावर नजर ठेवून ठरवायचं. दोरीवर वाळणारे कपडे घरातल्या माणसांच्या मापाचेच दिसले पाहिजेत. खोकला आला तर तोंड उशीत. घरचं धाकटं पोर दुसऱ्याच्या अंगणात काही बोलून गेलं तर संपलं. आणि लपलेल्यांपैकी कुणी आजारी पडून मेलंच तर ते प्रेत कुठल्या दारानं बाहेर काढायचं?

यातलं प्रत्येक काम शेजाऱ्याच्या नजरेला घाबरून करायचं होतं. जर्मन पोलीस कुणाच्या दोरीवरचे कपडे मोजत बसत नव्हते.

बाहेर उघड वावरणाऱ्या ज्यूंचंही तेच. खोटे कागद, केस रंगवलेले, गळ्यात क्रॉस, पोरांकडून कॅथलिक प्रार्थना घोकून घेतलेल्या. ‘दोब्री विग्लोंद’, म्हणजे ‘चांगलं दिसणं’, हा त्या काळच्या वॉर्सातला जीवनमरणाचा शब्दप्रयोग होता. चांगलं म्हणजे ज्यू न वाटणारं. तरीही बोलण्यातला एखादा हेल, चर्चमध्ये गुडघे टेकायला झालेला क्षणभराचा उशीर, डोळ्यांतली उदासी माणसाला उघडं पाडायची. जर्मन शिपायाला वॉर्साच्या पोलिशमधला आणि यिद्दिश या ज्यूंच्या भाषेच्या छायेतल्या पोलिशमधला फरक कळायचा नाही. तो कळायला पोलिशच कान लागतो. जर्मन सत्तेला हे कान उसने घ्यावे लागले आणि मिळाले. कधी साखर, मीठ, व्होडका असल्या बक्षिसावर, कधी पकडलेल्या माणसाच्या अंगावरच्या कोटावर, कधी फुकट.

या धंद्यातल्या लोकांना पोलिश भाषेत एक नाव पडलं: श्माल्त्सोव्निक. ‘श्मालेत्स’ म्हणजे डुकराची चरबी, आणि बाजारू बोलीत पैसा. ज्यूंना हेरायचं, गल्लीच्या तोंडाशी गाठायचं, पुरुष असेल तर दाराआड नेऊन, सुंता झालीय का बघायला, विजार उतरवायला लावायची, पैसे, घड्याळ, अंगठी काढून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. सगळं पिळून झालं की जर्मनांकडे सोपवायचं. आपल्याकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात, तिथे चरबी म्हणाले. दोन भाषांना एकाच प्रकारच्या माणसासाठी स्निग्ध पदार्थच आठवला, याचं मला नेहमी नवल वाटतं.

गुन्नार पॉलसन या इतिहासकारानं वॉर्साचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. त्याच्या अंदाजानं घेट्टोच्या भिंतीबाहेर, शहरात, सुमारे 28 हजार ज्यू लपून होते. त्यांना मदत करणारे पोलिश लोक 70 ते 90 हजार. श्माल्त्सोव्निक आणि त्यांच्या जातीचे लोक तीन-चार हजार. पहिल्या वहीवाले हे आकडे वाचून खूश होतात: बघा, एकास वीस! पण आकड्यांचं वजन असं तोलता येत नाही. एका माणसाला वाचवायला कितीतरी लोक लागायचे. एकानं जागा द्यायची, दुसऱ्यानं कागद करायचे, तिसऱ्यानं पैसे पोचवायचे, आणि जागा ‘जळली’ की, म्हणजे कुणाला सुगावा लागला की, रातोरात नवी जागा शोधायची. हे सगळं दोन-दोन वर्षं, रोज. बुडवायला एक माणूस पुरायचा, आणि त्याचं एका दुपारचं काम.

मात्र याच आकड्यांत न मोजलेले लोकही आहेत, आणि माझं सगळ्यांत जास्त लक्ष त्यांच्याकडे जातं. वॉर्सातल्या चार मजली चाळवजा इमारतीत एकाच जिन्यावर पंधरावीस बिऱ्हाडं. तिथे एका घरात दोन वर्षं माणूस लपून राहिला आणि जगला, याचा अर्थ जिन्यातल्या कुणालाच काही कळलं नाही, असा असूच शकत नाही. पाव मोजले गेले असणार. पावलं ऐकू आली असणार. ज्यांनी ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं, त्यांना ना याद वाशेमचं पदक मिळालं, ना कुठल्या खटल्यात त्यांचं नाव आलं. त्यांतल्या काहींना ज्यू आवडतही नसतील.

आवडत नसतील, हे मी अंदाजानं म्हणत नाही. झोफिया कोस्साक-श्चुत्स्का या कादंबरीकार बाई कट्टर कॅथलिक आणि युद्धापूर्वीपासून ज्यूविरोधी. ऑगस्ट 1942 मध्ये घेट्टोतून गाड्या भरभरून जात असताना त्यांनी चोरून छापलेलं एक पत्रक वाटलं. डोळ्यांदेखत खून होत असताना जो गप्प बसतो तो खुन्याचा साथीदार होतो, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. आणि त्याच पत्रकात, जरा खाली, असंही की ज्यूंबद्दलच्या आमच्या भावना बदललेल्या नाहीत, ते पोलंडचे राजकीय आणि आर्थिक शत्रू आहेत असंच आम्ही मानतो. त्याच बाईंनी पुढच्याच महिन्यात ज्यूंच्या मदतीसाठी समिती उभी केली. डिसेंबरात तिच्यातून ‘झेगोटा’ ही संघटना निघाली, जिच्यात पोलिश आणि ज्यू कार्यकर्ते एकत्र बसत, लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारचा पैसा जिच्यामार्फत पोचे, आणि जिच्या मुलांच्या विभागाचं काम इरेना सेंडलर बघत. कोस्साक बाई 1943 मध्ये ऑश्वित्झला गेल्या आणि वाचल्या. त्यांना कुठल्या वहीत घालणार? मला तर हे पत्रक पोलिश-ज्यू संबंधांचा सगळ्यांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतं. 1937 मध्ये विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवणारा समाज 1942 मध्ये एकाएकी निर्मळ कसा होईल? काही माणसं आपापल्या मळासकट उठली, एवढंच झालं. ते थोडं नाही.

पोलंडच्या तक्रारीत तथ्य आहे, हेही नीट सांगायला हवं. जर्मनांनी बांधलेल्या, जर्मनांनी चालवलेल्या छावण्यांना ‘पोलिश मृत्युछावण्या’ म्हणणं ही चीड आणणारीच गोष्ट आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हेच शब्द वापरले आणि तेही यान कार्स्कींना मरणोत्तर पदक देताना. कार्स्की म्हणजे तो पोलिश कॅथलिक दूत, जो 1942 मध्ये वॉर्सा घेट्टोत चोरून शिरला, डोळ्यांनी पाहिलं ते लंडनला आणि मग वॉशिंग्टनला जाऊन सांगत राहिला, आणि ज्याचं ऐकून कुणी एक रेल्वेरूळही उखडला नाही. लंडनच्या पोलिश सरकारातले ज्यू प्रतिनिधी श्मुल झिगेलबोइम यांनी मे 1943 मध्ये जगाच्या या थंडपणाच्या निषेधार्थ आत्महत्या केली. शिवाय पोलंडमध्ये जर्मनांच्या हाताखाली कुठलंही पोलिश सरकार उभं राहिलं नाही. पोलिश ‘निळे पोलीस’ होते आणि ज्यूंच्या शिकारीत त्यांचा मोठा हात होता, पण फ्रान्ससारखं स्वतःच्या सहीनं ज्यूविरोधी कायदे करणारं मंत्रिमंडळ तिथे नव्हतं. हे सगळं खरं आहे.

खरं आहे, पण ते ढाल म्हणून पुढे केलं की ढालीमागे काय दडवलंय हे बघावंच लागतं.

येदवाब्ने हे पोलंडच्या ईशान्येकडचं गाव. 10 जुलै 1941 ला तिथल्या ज्यूंना चौकात जमवलं, मारहाण केली आणि उरलेल्यांना एका कोठारात कोंडून कोठार पेटवलं. पुढची कित्येक दशकं तिथे एक दगड उभा होता. गेस्टापो आणि जर्मन शिपायांनी 1600 ज्यूंना जाळलं, असं त्यावर कोरलेलं. 2000 साली यान ग्रॉस या इतिहासकाराच्या पुस्तकानं सांगितलं की जाळणारे गावातलेच शेजारी होते. वादळ उठलं. मग सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेनं तपास केला आणि निष्कर्ष काढला: मेलेले किमान 340, चिथावणी जर्मनांची, हात गावकऱ्यांचे. जुना दगड हलवला. 10 जुलै 2001 ला राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्कींनी तिथे उभं राहून माफी मागितली. स्वतःच्या सरकारी संस्थेकडून स्वतःच्या गावाचा गुन्हा सिद्ध करून घेणारे देश मला फार आठवत नाहीत. पोलंडचा खरा अभिमानाचा क्षण कुठला असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन.

त्याच संस्थेच्या कायद्यात 2018 च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. नाझी गुन्ह्यांची जबाबदारी किंवा सहजबाबदारी ‘पोलिश राष्ट्रा’वर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. संशोधक आणि कलावंतांना सूट होती हे खरं, पण शाळामास्तर, पत्रकार, आजीची आठवण सांगणारी नात यांना नव्हती. जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये कैदेचं कलम काढून टाकलं. पण हवा बदललेली होती. 2021 मध्ये बार्बारा एंगेलकिंग आणि यान ग्राबोव्स्की या दोन इतिहासकारांना वॉर्साच्या न्यायालयानं माफी मागायला सांगितलं, कारण त्यांच्या ग्रंथात एका गावच्या युद्धकाळातल्या पाटलानं ज्यूंच्या मृत्यूला हातभार लावल्याचा उल्लेख होता आणि पाटलाच्या पुतणीनं दावा लावला होता. वरच्या न्यायालयानं ऑगस्टमध्ये तो निकाल फिरवला, ते बरंच झालं. 2023 मध्ये ग्राबोव्स्कींचं वॉर्सातलं व्याख्यान चालू असताना एक खासदार व्यासपीठावर चढला आणि त्यानं ध्वनिक्षेपक आपटून मोडला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हा सगळा कारभार. ती मूठ उघडायला सगळ्यांत जास्त कोण घाबरतं? मालमत्ता ज्याच्या घरात आहे तो. पोलिश भाषेत ‘पोझिदोव्स्के’ असं एक विशेषण आहे. अर्थ ‘ज्यूंच्या मागे राहिलेलं’. घर, दुकान, शिवणयंत्र, पिसांची दुलई. लाखो माणसं गेली, पण त्यांच्या वस्तू जाग्यावरच होत्या आणि त्या कुणी ना कुणी वापरायला काढल्या. युद्धानंतर एखादा ज्यू जिवंत परत आला तर तो कुणाच्या तरी अंगावरच्या दुलईचा मालक होता. जुलै 1946 मध्ये, जर्मन जाऊन दीडेक वर्ष झाल्यावर, किएल्त्सेत जमावानं चाळीसवर ज्यूंना ठार केलं. त्यामागे नुसती मालमत्ता नव्हती, एका पोरानं अपहरणाची थाप मारली आणि ज्यू ख्रिस्ती पोरांना मारून त्यांचं रक्त वापरतात ही मध्ययुगीन अफवा जागी झाली. पण ‘हे परत आले’ हा राग हवेत होताच.

मराठी वाचकाला या सगळ्यात काय, असं कुणी म्हणेल. आपल्याला पोलंड माहीत आहे तो वळिवड्यामुळे. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. त्यांची कृतज्ञता खरी आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारक आहे आणि ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. ही कथा आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावी. फक्त तिच्यातून आपल्या मनात जो पोलंड तयार होतो तो निव्वळ सोसणारा, गोरागोमटा, हात जोडून आभार मानणारा पोलंड आहे. वळिवड्याला आले त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडमधले, स्टालिननं 1940-41 मध्ये सैबेरिया-कझाकस्तानकडे हाकललेले. त्याच पूर्वेत लोकांच्या मनात एक समीकरण पक्कं झालं होतं की ज्यू म्हणजे कम्युनिस्ट, ज्यू म्हणजे रशियाचे हस्तक. येदवाब्नेत काठ्या उगारणाऱ्यांच्या तोंडी हेच होतं. आणि प्रत्यक्षात स्टालिनच्या त्याच मालगाड्यांत ज्यूही हजारोंनी कोंबलेले होते. पोलंडचे जे ज्यू युद्धातून वाचले त्यांतले बहुतेक रशियात हाकलले किंवा पळालेले म्हणूनच वाचले. 1942 मध्ये इराणला पोचलेल्या जथ्यांतून काही मुलं पुढे आपल्याकडे आली, तर ज्यू अनाथ मुलांचा एक जथा 1943 च्या सुरुवातीला कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेला. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांशी, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंशी, शेकडो वर्षं सुखानं नांदलेल्या माणसांना ज्यूद्वेष ही चीज आतून कळत नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे आभारच मानतो. पण कळत नाही म्हणून वळिवड्याची गोष्ट अर्धीच सांगायची, हे बरं नव्हे.

मुद्द्यावर येतो. येदवाब्नेजवळच्याच यान्चेव्को वाडीत आन्तोनिना विझिकोव्स्का आणि त्यांचे पती अलेक्सांदर यांनी सात ज्यूंना डुकरांच्या गोठ्याखालच्या खड्ड्यात दोन वर्षांहून जास्त काळ जगवलं. जानेवारी 1945 मध्ये लाल सेना आली, सातही जण बाहेर आले. आता सत्कार व्हायचा तर काही आठवड्यांत पोलिश बंडखोरांच्या एका टोळीनं घरात शिरून आन्तोनिनांना बेदम मारलं. गुन्हा काय, तर ज्यू लपवले. नवरा-बायकोला मुलूख सोडावा लागला. जर्मन तेव्हा तिथे नव्हते. हुकूमनामा नव्हता. आता सांगा, आन्तोनिना विझिकोव्स्कांचं नाव राष्ट्राच्या गौरवाच्या यादीत घालायचं आणि त्यांना कुणी मारलं हे मात्र विचारायचं नाही, याला सन्मान म्हणायचं का? कित्येक तारणाऱ्यांनी युद्धानंतर जगलेल्या ज्यूंना विनवलं की आमचं नाव कुठे छापू नका, गावात राहणं मुश्किल होईल. जे राज्यकर्ते या लोकांच्या नावानं संग्रहालयं उभारतात, त्यांनी या विनवणीचा अर्थ एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा.

इमान्युएल रिंगेलब्लूम यांना हा अर्थ लिहायला वेळ फार थोडा मिळाला. ते पेशानं इतिहासकार. घेट्टोत असताना त्यांनी साथीदारांसह एक गुप्त दफ्तर जमवलं: रोजनिशा, शाळेचे निबंध, रेशनची कुपनं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं, आणि त्याचे दोन हिस्से 1946 आणि 1950 मध्ये ढिगाऱ्याखालून निघाले. रिंगेलब्लूमना 1943 च्या उन्हाळ्यात त्राव्निकीच्या छावणीतून पळवून आणलं ते एका पोलिश रेल्वे कामगारानं आणि एका ज्यू तरुणीनं. मग ते, त्यांची पत्नी आणि शाळकरी मुलगा वॉर्साच्या ग्रुयेत्स्का रस्त्यावर एका तळघरात राहिले. वर मिएचिस्वाव वोल्स्की या माळ्याचं काचेचं रोपघर, खाली पस्तीस-चाळीस ज्यू. टोमॅटोच्या रोपांखाली की फुलांच्या, मला ठाऊक नाही, पण त्या अंधाऱ्या कोंदट जागेत बसून या माणसानं जे शेवटचं मोठं लेखन केलं त्याचा विषय होता पोलिश-ज्यू संबंध. आणि ते पोलिश भाषेत लिहिलं.

खाली बसलेल्याचा जीव वरच्या पोलिश माळ्याच्या हातात होता. गोड लिहायला एवढं कारण पुरलं असतं. शेजारी-पाजारी चुगलखोरांनी शहर भरलेलं होतं, कडू लिहायला तेही पुरलं असतं. रिंगेलब्लूमनी दोन्ही एकाच लेखणीनं लिहिलं. उदात्त माणसांबद्दल जीव ओतून, आणि मग हा प्रश्नही: जर्मन रणगाडा अडवणं पोलिश लोकांच्या हातात नव्हतं हे कबूल, पण ट्रेब्लिंकाकडे जाणाऱ्या गाडीतून शेवटचं जग बघणाऱ्या माणसाला रुळाकडेच्या चेहऱ्यांवर बेफिकिरी, कधी आनंदसुद्धा, दिसायलाच हवा होता का? हस्तलिखित आधीच बाहेर साथीदारांकडे पोचलं होतं म्हणून वाचलं. 7 मार्च 1944 ला कुणीतरी खबर दिली. रोपघराला वेढा पडला. रिंगेलब्लूम, त्यांचं कुटुंब, तळघरातली बाकीची माणसं, आणि त्यांच्यासोबत माळी वोल्स्की आणि त्याचा भाचा, सगळ्यांना घेट्टोच्या भग्नावशेषांत नेऊन गोळ्या घातल्या.

यानंतर अडीच आठवड्यांनी, 24 मार्चच्या पहाटे, दूर आग्नेयेकडच्या मार्कोवा गावात जर्मन पोलीस युझेफ उल्मांच्या घरी आले. उल्मा शेतकरी, फळबागेचे हौशी, गावचे फोटोग्राफर. त्यांच्या बायबलमध्ये परक्या जखमी माणसाला उचलून नेणाऱ्या शोमरोनी वाटसरूच्या दाखल्याखाली रेघ मारून बाजूला ‘ताक’ लिहिलेलं सापडलं. पोलिशमध्ये ‘ताक’ म्हणजे ‘होय’. घरात लपवलेले आठ ज्यू, युझेफ, दिवस भरत आलेल्या विक्तोरिया आणि त्यांची सहा मुलं, सगळ्यांना त्या पहाटे मारलं. थोरल्या मुलीला आठवं वर्ष चालू होतं. जवळच्या वान्त्सुत गावच्या ‘निळ्या पोलिसां’पैकी एकानं खबर दिली असं मानलं जातं, आणि भूमिगतांनी पुढे त्याला उडवलं. 2023 मध्ये चर्चनं उल्मा कुटुंबाला धन्य घोषित केलं.

पण मार्कोवात त्या पहाटे ज्यू लपलेलं ते एकच घर नव्हतं. बंदुकांचे आवाज इतर घरांतल्या माळ्यांवर, खड्ड्यांत बसलेल्यांनी ऐकले असणार, आणि खाली चुलीशी बसलेल्या मालकिणींनीही. त्या उन्हाळ्यात लाल सेना आली तेव्हा मार्कोवातून वीसेक ज्यू जिवंत बाहेर निघाले. म्हणजे मार्चनंतरही चार-पाच महिने त्या घरांतून जास्तीचं धान्य दळायला जात राहिलं. गिरणीवर रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी ते पोतं बघितलं असणार, मनात मोजलं असणार, आणि आपलं पीठ खांद्यावर टाकून घरची वाट धरली असणार.